रखमाजीचा तिसरा गिअर

“बाबा, आपली फटफटी तिसऱ्या गेरात कवा जाणार?”

एवढं बोलून प्रतिक्षाने डोळे गच्च मिटून घेतले. रखमाजीच्या हातातला भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडाला होता, तो तिथेच राहिला. चुलीपुढे बसलेल्या अनुसयाबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. घरात फक्त चुलीतलं लाकूड तडतडत होतं, आणि तेही जरा जपूनच.

खरं म्हणजे हा प्रश्न प्रतिक्षाचा नव्हता. तो सुकन्या आणि रागिणीचा होता. दोघी तिच्या वर्गातल्या, नववी ‘अ’मधल्या, आणि दोघी सायकलने शाळेत यायच्या. प्रतिक्षा यायची बाबाच्या फटफटीवर. आता फटफटीवरून येणाऱ्या पोरीचा रुबाब सायकलवाल्या पोरींपेक्षा जास्त असायला हवा की नाही? पण रखमाजीची फटफटी वस्तीवरून शिरड शहापूरच्या शाळेपर्यंत अशी काही यायची की सायकलवाल्या मैत्रिणी तिला मागे टाकून, शाळेत पोचून, हापशावर पाणी पिऊन, फाटकात येऊन उभ्या राहायच्या. वर रागिणी विचारायची, “का गं पत्तू, तुझा बाबा तुला शाळेत आणून राहिला का बाजारात इकायला?”

शेवटी त्या दिवशी सुकन्याने सगळ्या पोरींसमोर बोट रोखलं. “पंधरा ऑगस्टला कागद न पाहता भाषण ठोकलंस ना? मग एवढं इचारून दाखव घरी. हिम्मत असंल तर!”

त्या भाषणानंतर प्रतिक्षाला आपण कुणाशीही काहीही बोलू शकतो असं वाटायला लागलं होतं. हेडमास्तर, तलाठी, वेळ पडली तर कलेक्टरसुद्धा. फक्त बाबाचं नाव त्या यादीत घ्यायचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“कुणी शिकिवलं तुला हे?” रखमाजीने विचारलं.

“कुणी न्हाई. मीच इचारून राहिले.”

“दोन गेरांत काय तकलीफ हाय तुला? पोचती का न्हाई शाळंत?”

“पोचते. पर्थना झाल्यावर.”

अनुसयाबाईने तोंडाला पदर लावला. पदराआड ती खोकतेय असं रखमाजीने समजून घेतलं.

रखमाजीचा सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. उन्हाळ्यात जवळा बाजारला एडके विकून तो ही जुनी फटफटी घेऊन आला, पण मेंढरांची सवय काही त्याच्या अंगातून गेली नाही. पुढून किंवा मागून गाडीचा आवाज आला की तो कळप कडेला घेतल्यासारखी फटफटी रस्त्याखाली घ्यायचा, दोन्ही पाय टेकायचा आणि गाडी जाईपर्यंत “हुर्र… हुर्र…” करत टाकीवर थोपटत बसायचा. गाडी गेली, धुरळा बसला, की मग पुन्हा किक, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. तिसऱ्याची वेळच यायची नाही.

आणि हे सगळं कशासाठी? तर प्रतिक्षाने सायकलने जाऊ नये म्हणून. सायकल होती ना घरात! आठवी पास झाली तेव्हा कुरुंद्याच्या संतराममामाने दिली होती, निळीशार. पण ती मेंढरांच्या वाड्यात उभी होती आणि तिच्या कॅरिअरवर कोंबडी अंडी उबवत होती. “रस्त्यावर त्या फटफटीवाल्या पोरांनी उच्छाद मांडलाय,” रखमाजी म्हणायचा. “डोळे मिटून चालवून राहिलेत. पोरीला कट मारून जातील. जोवर मी हाय तोवर मीच सोडंन.”

आता मात्र प्रश्न ताटात येऊन पडला होता, आणि उत्तर दिल्याशिवाय भाकरी उतरणार नव्हती.

“दसऱ्याला,” रखमाजी म्हणाला. “गाडीची पूजा झाल्याबिगर तिसरा गेर टाकीत न्हाई मी.”

“अन् आतापरेंत दोन गेर बिनपूजेचे चालले व्हय?” अनुसयाबाईने विचारलं.

“तू भाकरी थाप. ऐक पत्तू. दसऱ्याला तुझ्या मामाला सोनं द्यायला कुरुंद्याला जाऊ. जाताना न्हाई तर येताना, तिसरा टाकून दाखवतो. टाकला, तर म्याट्रिक होईस्तोवर मुकाट माझ्यामागं बसायचं, सायकलचं नाव काढायचं न्हाई.”

“अन् न टाकला तर?”

रखमाजीने पिठल्यात बुडालेला तुकडा बाहेर काढला. “तर कोंबडी उठीव अन् सायकल घे.”

“पैज?”

“पैज. तुझी माय साक्षीदार.”

त्या रात्री प्रतिक्षाला झोप आली नाही. बाबा तिसरा गिअर टाकणं शक्यच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सायकल जवळजवळ अंगणात आलीच होती.

दसऱ्याला सकाळी रखमाजीने फटफटीला अंघोळ घातली. मेंढरालाही इतकं मायेने कधी धुतलं नसेल. अनुसयाबाईने हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि झेंडूचा असा घसघशीत हार घातला की पुढचा दिवा अख्खा झाकून गेला.

दुपार कलताना तिघं निघाली. पुढे रखमाजी, मधे प्रतिक्षा, मागे एका बाजूला पाय सोडून अनुसयाबाई आणि तिच्या मांडीवर आपट्याच्या पानांचं गाठोडं. कुरुंदा म्हणजे तिचं माहेर. अख्ख्या गल्लीला सोनं वाटायचं म्हणून तिने अर्धं झाडच बांधून घेतलं होतं.

“बाबा, ही टिबल सीट झाली,” प्रतिक्षा म्हणाली.

“आपलं घरचं माणूस हाय. घरच्याला टिबल सीट म्हनत नसतेत.”

जाताना तिसरा गिअर पडला नाही. “उजेडात रस्ता भरलेला असतो,” रखमाजीने सांगितलं. सायकलच्या हँडलला कोंबडा उलटा टांगून चाललेला एक म्हातारा त्यांना मागे टाकून गेला. जाता जाता कोंबड्याने यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं प्रतिक्षाला वाटलं.

“या दाजी!” संतराममामाने दारातूनच हाळी दिली. “सकाळी निघाले व्हते का काल?”

मामाकडे पुरणपोळी झाली. गल्लीतली निम्मी माणसं दुसऱ्या गल्लीत सोनं द्यायला गेलेली, त्यामुळे गाठोडं काही रिकामं झालं नाही. निघायला अंधार पडला. मामा म्हणाला, “दाजी, दिव्यावरचा हार तरी काढा. कसं दिसंल?”

“आज पूजलं अन् आजच हार काढायचा? काय म्हनंल देव?” अनुसयाबाई मागून म्हणाली. तेव्हा हार राहिला. दिव्याचा उजेड झेंडूच्या पाकळ्यांतून गाळून यायचा आणि रस्त्यावर पुढे हळदकुंकवाच्या वाटीएवढा पडायचा.

कुरुंदा फाटा मागे पडला आणि दसऱ्याची रात्र सुरू झाली. सण करून परतणारी सगळी दुनिया जणू त्याच एका रस्त्यावर उतरली होती. पहिल्यांदा एक काळी-पिवळी जीप आली. आत माणसं, मागच्या फळीवर माणसं, टपावर माणसं. तिने असा काही हॉर्न दिला की रखमाजी फटफटीसकट रस्त्याखाली. “हुर्र… हुर्र…” जीप गेली. किक, पहिला, दुसरा. लगेच दोन फटफट्या आल्या, सायलेन्सरच्या पुंगळ्या काढलेल्या, एकमेकींशी शर्यत लावलेल्या, एकेकीवर तीन तीन पोरं आणि आरोळ्या. पुन्हा रस्त्याखाली. पुन्हा “हुर्र.” किक, पहिला, दुसरा. मग समोरून एक टेम्पो आला, त्याचा एकच दिवा लागलेला. तो फटफटी समजून रखमाजी जरा धीराने पुढे गेला आणि टेम्पोची रुंदी कळल्यावर जेमतेम वाचला.

“बाबा, तिसरा?” प्रतिक्षाने हळूच आठवण केली.

“रस्ता रिकामा होऊ दे.”

रस्ता रिकामा होणार नव्हता. आता आपण जिंकलोच, असं प्रतिक्षाला वाटलं. पण त्याच वेळी बाबाची पाठ तिला कळत होती. लाकडासारखी ताठ झाली होती. सायकल मिळणार याचा आनंद करावा की बाबाच्या पाठीवर हात ठेवावा, ते तिला ठरवता येईना.

तेवढ्यात मागून आणखी एक फटफटी आली. तिला दिवाच नव्हता, त्यामुळे ती आली हे कळायच्या आतच ती शेजारी होती. सापासारखी वळवळत तिने असा कट मारला की रखमाजीच्या धोतराचा सोगा फडफडला. रखमाजीने कळप कडेला घ्यावा तशी फटफटी कडेला घेतली; फक्त या वेळी कडेला कड नव्हती. फटफटी, रखमाजी, प्रतिक्षा आणि अनुसयाबाई अशी चारही जणं सावकाश, जणू ठरवून, शेजारच्या हळदीच्या वावरात उतरली. आजच पाणी दिलेलं होतं. चिखलाने सगळ्यांना मायेने पोटाशी धरलं.

“पत्तू! लागलं का गं?”

“न्हाई बाबा. माय?”

“मला काय धाड भरली? पर माझं सोनं!”

गाठोडं रस्त्यावरच सुटलं होतं आणि पानं डांबरावर अस्ताव्यस्त पसरली होती. अनुसयाबाई चिखलातून उठली ती सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन वाकली आणि पानं वेचायला लागली.

“माय! तिथं काहून बसलीस? गाड्या येऊन राहिल्यात!”

“दसऱ्याचं सोनं हाय ते. लोकायच्या चाकाखाली जाऊ देऊ व्हय?”

आणि खरोखरच दूरवरून पुंगळ्यांचा फडफडाट ऐकू येऊ लागला. रखमाजीचा पाय फटफटीखाली अडकलेला. तो मेंढरांना दिवसभर हाका मारणाऱ्या गळ्याने ओरडला, “अनुसया! हुर्र! कडंला!” पण अनुसयाबाई काही मेंढी नव्हती. प्रतिक्षाने बाबाच्या खांद्याच्या पिशवीतली बॅटरी ओढून काढली, चढ चढून रस्त्यावर आली, आईच्या पुढे उभी राहिली आणि बॅटरी वर धरून जिवाच्या आकांताने हलवायला लागली.

ब्रेक किंचाळले. पहिली फटफटी आडवी होत होत प्रतिक्षाच्या चपलेपाशी येऊन थांबली. अनुसयाबाई उठली. तिच्या तोंडात शिव्यांची जुळवाजुळव झाली होती आणि त्या द्यायला तिने उजवा हात वर उगारला होता. त्या हातात वेचलेली पानं होती.

फटफटीवरच्या पोराने उगारलेला हात पाहिला, हातातली पानं पाहिली, आणि आईबापाने लहानपणापासून लावलेली सवय त्याच्या अंगात आपोआप हलली. तो घाईघाईने खाली उतरला, खिशातलं एक चुरगळलेलं पान काढून त्याने तिच्या हातावर ठेवलं आणि वाकून चिखलाने भरलेल्या पायांना हात लावला.

“सोनं घ्या काकू. सोन्यावानी राव्हा.”

अनुसयाबाईची पंचाईत झाली. दसऱ्याच्या दिवशी पाया पडलेल्या पोराला शिव्या द्यायच्या कशा? तोंडाशी आलेल्या शिव्या काही परत गिळता येईनात आणि आशीर्वाद तर द्यायलाच हवा.

“शंभर वर्सं जग मुडद्या!” ती म्हणाली. “सुखी ऱ्हा, आंधळ्या! कुणाचा रे तू?”

“शिवहार. शिरडच्या पद्माबाईचा.”

“कोण, लसूण घेऊन बसती ती? जवळ्याच्या बाजारात माझ्याशेजारी?” अनुसयाबाई दर आठवड्याला बाजारात करडं-कोंबड्या विकायला बसायची, आसपासच्या गावांतली एक बाई तिच्या ओळखीतून सुटलेली नव्हती. “पद्माला ठाव हाय का, तिचं लेकरू रातचं असं उडून राहिलंय ते?”

शिवहारने मान खाली घातली. “न्हाई काकू. सांगू नका.”

तेवढ्यात समोरून दुसरी फटफटी आली. या वेळी प्रतिक्षाला काय करायचं ते कळलं होतं. तिने डाव्या हाताने बॅटरी दाखवली आणि उजव्या हाताने आपट्याचं पान पुढे धरलं. फटफटी थांबली. दसऱ्याच्या रात्री कुणी सोनं पुढे केलेलं असताना न थांबता जाईल असा गडी त्या मुलखात जन्माला आलेला नव्हता.

“सोनं घे दादा. मायच्या पाया पड. अन् नाव सांग.”

“धर्मसिंग.”

“मायचं नाव?”

“ते काहून पाहिजे?”

“माय!” प्रतिक्षाने नुसती हाक मारली.

“रुक्माबाई,” धर्मसिंग घाईने म्हणाला.

“रुक्माचा का तू? कट तूच मारला ना रे आमाला? दिवा न्हाई म्हनून वळखला.”

“पुढं जाऊन मागं वळलो काकू. तुमी पडल्यावानी वाटलं म्हणून पाहायला आलो.” एवढं बोलताना तो इतका ओशाळला होता की अनुसयाबाईने त्याला जरा कमी शिव्यांचा आशीर्वाद दिला.

मग शिवशंकर आला. तो आणि शिवहार गणपतीपासून एकमेकांशी बोलत नव्हते, फक्त शर्यती लावत होते. अनुसयाबाईने दोघांचे हात धरून एकमेकांच्या हातांत पानं कोंबली. “द्या सोनं. गळाभेट घ्या. आज न्हाई तर कवा?” दोघांनी लाकडासारखी गळाभेट घेतली. पण मागून पोरांनी शिट्ट्या मारल्या तसे दोघे हसले, आणि एकदा हसल्यावर भांडणात काही जीव राहिला नाही.

एवढ्यात मघाची काळी-पिवळी जीप दुसऱ्या खेपेला आली. रस्त्यात इतक्या फटफट्या आडव्यातिडव्या पाहून तिचा ड्रायव्हर भीमसिंग खाली उतरला. “काय झालं? अपघात?”

“न्हाई, सोनं चालू हाय,” शिवहार म्हणाला.

झालं! जीपमधली, फळीवरची, टपावरची माणसं उतरली आणि एकमेकांना सोनं द्यायला लागली. टेम्पोवाला थांबला. समोरून येणारे थांबले. अनुसयाबाईचं गाठोडं हां हां म्हणता संपलं. मग मिळालेलंच पान पुढच्याला द्यायचं असं सुरू झालं. एकेक पान इतक्या हातांतून फिरलं की ते खरं सोनं असतं तर झिजून गेलं असतं. दोन्ही बाजूंनी दिव्यांची रांग लागली. हॉर्न कुणीच वाजवेना, कारण पुढे कोण कुणाच्या पाया पडतंय ते प्रत्येकाला पाहायचं होतं.

खालच्या वावरातून आवाज आला, “मला कुणी बाहेर काढता, का मी हितंच दिवाळी करू?”

रखमाजी! त्याला सगळेच विसरले होते. मघाशी उडत आलेली सगळी पोरं धोतरं-पँटी वर करून चिखलात उतरली. कुणी फटफटी उचलली, कुणी रखमाजीला. पाय मुरगळला नव्हता, फक्त चिखलाने भरला होता. रस्त्यावर आल्याबरोबर सगळ्यांनी रांगेने त्याला सोनं दिलं, पाया पडले. आपल्या पायाला इतके हात एकाच वेळी लागलेले रखमाजीने लग्नातसुद्धा पाहिले नव्हते. तो नुसता, “असू द्या, असू द्या,” करत राहिला.

शिवहारने किक मारून फटफटी सुरू करून दिली. “चला काका. तुमी पुढं.”

“तुमी जा की पुढं. माझी हळू चालती.”

“असं कसं? आताच पाया पडलो, अन् लगेच कट मारून जायचं? तुमी चला.”

आणि निघाली वरात. सर्वांत पुढे झेंडूचा हार घातलेली रखमाजीची फटफटी, दुसऱ्या गिअरमध्ये. तिच्यामागे शिवहार, धर्मसिंग, शिवशंकर आणि बाकीच्या पुंगळ्या, त्यांच्यामागे भीमसिंगची जीप, तिच्यामागे टेम्पो. पुढे जायची कुणाची छाती नव्हती. ज्यांना ब्रेक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, ते आता पाय टेकत टेकत चालवत होते. पुंगळ्या बिचाऱ्या नुसत्या घोरत होत्या. प्रतिक्षाने मागे वळून पाहिलं. दिव्यांची एक लांबच लांब माळ बाबाच्या मागून येत होती. कळपच होता तो. बाबाच्या मागे कळप नीट चालतो, त्यात नवल काय?

जीपच्या टपावरून एक म्हातारी ओरडली, “ए भीमसिंग, मी उतरून चालत जाऊ का? लवकर पोचंन!”

शेवटी न राहवून शिवहारने आपली फटफटी शेजारी आणली. पुढे नाही, अदबीने हातभर मागेच ठेवून. “काका, एक इचारू? तिसरा टाका ना.”

रखमाजीने टाकीवर थोपटलं.

“काका, तिसरा!” धर्मसिंग मागून म्हणाला.

“तिसरा! तिसरा!” टपावरून सुरू झालं.

मग रखमाजीने मान जराशी मागे वळवली आणि फक्त प्रतिक्षालाच ऐकू जाईल असं बोलला. “पत्तू, मला तिसरा येत न्हाई गं. ज्यानं गाडी विकली त्यानं जवळ्याच्या स्टँडवर पहिला दाखविला, दुसरा दाखविला, अन् तेवढ्यात त्याची गाडी लागली. तो गेला यष्टीत बसून. तिसरा राहूनच गेला.”

प्रतिक्षाला आधी हसू फुटलं. इतके दिवस वर्गभर ज्याच्यावर चर्चा झाली ते गुपित हे! पण मग हसू मधेच विरलं. म्हणजे बाबाला ज्याची भीती वाटत होती त्याच रस्त्यावर तो रोज सकाळी, निम्मीच गाडी शिकलेला, तिला मागे बसवून येत होता. सुकन्या-रागिणी हसतात हे त्याला दिसत नसेल? फाटकात रोज दिसत होतं.

आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की सायकल तिची. ती गप्प बसली. एक पुलाचा कठडा गेला, एक बाभूळ गेली. आणि मग तिच्या तोंडातून आपोआपच निघालं, “शिवहारदादा! बाबाला तिसरा कसा टाकायचा ते सांग!”

“अगं, काय करून राहिलीस?” मागून आई कुजबुजली. “तुझी सायकल जाईल ना!”

“जाऊ दे.”

“काका, मूठ ढिली करा,” शिवहारने सांगितलं. “क्लच दाबा. आता जसा दुसरा टाकला तसाच पाय. हां! क्लच सोडा, हळूऽऽ…”

“टाका बाबा! मी धरलंय तुमाला!”

खट्! फटफटीने एक गचका दिला, जरा विचार केला, आणि तिचं इतक्या दिवसांचं कण्हणं थांबून ती एकदम गायला लागली. वारा कानाला लागला. झेंडूच्या हारातून एक फूल सुटून रखमाजीच्या फेट्यात अडकलं. मागे टाळ्या, शिट्ट्या, हॉर्न, आणि टपावरच्या म्हातारीचं “जगलास रे लेकरा!”

“पत्तू! आली! तिसऱ्यात आली!” रखमाजी ओरडला. मग लगेच, “आता थांबवायची कशी?”

“पहिल्यासारखीच, काका!” मागून सगळे ओरडले.

वस्तीच्या फाट्यावर रखमाजीने फटफटी वळवली. पोरांनी हात केले. त्यांच्या गाड्या पुढे गेल्या, पण धावल्या नाहीत. पुढच्या वळणापर्यंत तरी एकामागे एक, बराबर अंतर ठेवून गेल्या. त्यापुढचं अंधारामुळे दिसलं नाही.

घरी आल्यावर अनुसयाबाईने तिघांच्या अंगावरचा हळदीचा चिखल धुवायला पाणी तापत ठेवलं. रखमाजी ओट्यावर बसला. जिंकलेल्या माणसाने बसावं तसा बसला खरा, पण चेहऱ्यावर जिंकल्याची कळा दिसेना.

“पैज मी जिंकली, पत्तू,” तो म्हणाला.

“व्हय.”

“म्याट्रिकपरेंत मागं बसायचं.”

“तसं ठरलं व्हतं,” प्रतिक्षा म्हणाली. मग ती उठली. पंधरा ऑगस्टला टेबलापुढे उभी राहिली होती तशीच आईबाबांच्या पुढे उभी राहिली. “पर बाबा, तुमी मला सायकल काहून देत नव्हते? त्या पोरांच्या भेवानं. आता ती पोरं कोन कुणाची हायेत ते मला ठाव झालं. शिवहारची माय पद्माबाई, धर्मसिंगची रुक्माबाई. एकानं जरी कट मारला तर त्याच दिशी बाजारात त्याच्या मायपाशी जाऊन उभी ऱ्हाईन. मी त्यांना भ्यायचं का त्यांनी मला?”

अनुसयाबाईने रखमाजीकडे पाहिलं. रखमाजी चिखलाने भरलेल्या पायाकडे पाहत होता, पण त्याच्या मिशा हलल्या.

“पैज हरले म्हनून दिवाळीच्या सुट्टीपरेंत तुमच्यामागं बसते,” प्रतिक्षा म्हणाली. “सुट्टी संपली की मी सायकलनं शाळेला जाणार. हे मी इचारून न्हाई राहिले बाबा. सांगून राहिले.”